दरवर्षी छाटणी करूनही सोसायटीतील झाडाच्या फांद्या पावसाळ्यात का पडतात?

मुंबईतील बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये मे महिन्यात एक काम ठरलेले असते. धोकादायक फांद्या छाटून घ्या, अशी महापालिकेची सूचना येते, समितीच्या बैठकीत कोणीतरी गेल्या वर्षी गाडीवर पडलेल्या फांदीची आठवण काढते, दोन-तीन कंत्राटदारांकडून दर मागवले जातात आणि पाऊस सुरू होण्याआधी आवारातील गुलमोहर, सोनमोहर किंवा पर्जन्यवृक्ष वरून निम्मा उतरवला जातो. तरीही जून-जुलैमधल्या पहिल्या जोरदार वाऱ्यात त्याच झाडाची फांदी खाली येते. पुढच्या वर्षी छाटणी आणखी खालून केली जाते आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात पडझड कमी होण्याऐवजी वाढते.

ही तक्रार मुलुंडपासून माहीमपर्यंत अनेक सोसायट्यांतून ऐकू येते आणि तिच्यावरचा उपाय म्हणून जवळपास सर्वत्र अधिक छाटणीच सुचवली जाते. मात्र पडणारी फांदी पुष्कळदा आधीच्या छाटणीतूनच तयार झालेली असते आणि उरलेल्या प्रकरणांत दोष शेंड्यात नसून बुंध्याभोवतीच्या काँक्रीटमध्ये असतो. त्यामुळे कोणाला बोलवायचे आणि किती पैसे द्यायचे, यापूर्वी फांदी का पडली हे शोधले पाहिजे.

पडलेल्या फांदीचा बुडखा आधी पाहा

फांदी पडली की वॉचमन आणि सफाई कामगार ती तासाभरात तुकडे करून फाटकाबाहेर नेऊन ठेवतात. रस्ता मोकळा करणे आवश्यकच आहे, परंतु जिथून ती तुटली तो हातभर लांबीचा बुडखा बाजूला ठेवावा आणि झाडावर राहिलेल्या जखमेचे छायाचित्र त्याच दिवशी घ्यावे, कारण रोगनिदानासाठी लागणारी बहुतेक माहिती या दोन ठिकाणीच असते.

मुलुंडमधील एका जुन्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी दुचाकींच्या रांगेवर पडली. तिचा बुडखा आडवा धरून पाहिला तेव्हा कडेला बोटभर रुंदीचे फिकट, ताजे लाकूड होते आणि आत तपकिरी, ओलसर, चिमटीत धरताच भुगा होणारा गाभा होता. त्या भुग्याच्या मध्यभागी एक सपाट पृष्ठभाग होता व त्यावर करवतीच्या जुन्या रेघा अजून ओळखू येत होत्या. म्हणजे काही वर्षांपूर्वी तिथे मूळ फांदी आडवी कापून खुंट ठेवला गेला होता, तो खुंट आतून कुजत गेला आणि त्याच्या कडेच्या सालीतून फुटलेला कोंब वाढत वाढत मांडीएवढा झाला. बाहेरून ती फांदी हिरवीगार आणि निरोगी दिसत होती, परंतु तिला आतून कसलाही आधार नव्हता.

तुटण्याचे दुसरे रूप बेचक्यात दिसते. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद कोनात एकत्र वाढल्या की त्यांच्यामधली साल आत दाबली जाते आणि दोन्ही लाकडे एकमेकांत गुंतत नाहीत. असे बेचके फाटल्यावर आत काळपट सालीची उभी पट्टी स्पष्ट दिसते. तिसऱ्या प्रकारात फांदी मुळाशी शाबूत राहते आणि मध्येच मोडते. हे बहुधा लांब, आडव्या फांद्यांच्या बाबतीत घडते, विशेषतः ज्यांच्या आतल्या बाजूची सगळी लहान डहाळी साफ करून पाने फक्त टोकाला ठेवलेली असतात अशा फांद्यांच्या बाबतीत, कारण वाऱ्याचा आणि ओल्या पानांच्या वजनाचा सर्व भार मग टोकाकडे जातो. अशी साफसफाई पाहणाऱ्याला नीटनेटकी वाटते, म्हणूनच ती जास्त होते.

चौथा प्रकार संपूर्ण झाड कलण्याचा आहे आणि तो या सर्वांत गंभीर आहे. काही झाडे लहानपणापासूनच प्रकाशाच्या दिशेने कललेली असतात. त्यांचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला दिसतो आणि त्यांची काळजी करण्याचे सहसा कारण नसते. याउलट कल नवा असेल, कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली असेल, जमिनीत किंवा पेव्हर ब्लॉकमध्ये बुंध्याभोवती अर्धवर्तुळाकार भेग पडली असेल, तर मुळे सुटत आहेत असे समजून त्या जागेखालचा वावर त्याच क्षणी बंद करावा.

झाड बोडके केल्यावर आत काय होते

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेत काम करणारे वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे करवतीने उभी चिरून आतली कूज अभ्यासली आणि 1970 च्या दशकात हे दाखवून दिले की, झाड इजा झालेला भाग दुरुस्त करत नाही, तर त्याच्याभोवती अडथळे उभारून तो वेगळा टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. हा अडथळा सर्वांत मजबूत असतो तो फांदी जिथे खोडाला मिळते त्या जागी असलेल्या फुगीर कड्यात, ज्याला आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची निगा राखणारे तज्ज्ञ, 'कॉलर' म्हणतात. कड्याच्या लगेच बाहेर काप घेतला तर झाड जखम बंद करू शकते. कडे सोडून दोन हात बाहेर कापले तर उरलेला खुंट मरतो आणि कुजतो, आणि कडेच खोडाला घासून कापले तर कूज थेट खोडात शिरते.

फांद्या मध्येच आडव्या तोडून झाड बोडके केले जाते तेव्हा एकाच दिवशी असे अनेक खुंट तयार होतात आणि झाडाचा अन्न तयार करणारा मोठा भागही एकदम निघून जातो. झाड साठवलेल्या अन्नातून घाईने फुटवे काढते. मुंबईच्या पावसात हे फुटवे इतक्या वेगाने वाढतात की दोन वर्षांत झाड पुन्हा भरगच्च दिसू लागते आणि छाटणी यशस्वी झाली असा सर्वांचा समज होतो. प्रत्यक्षात मूळ फांदी खोडात आतपासून रुजलेली असते, तर हा फुटवा केवळ बाहेरच्या थरांत, भिंतीत वरवर ठोकलेल्या खुंटीसारखा असतो. त्याचे वजन दरवर्षी वाढते आणि त्याच्या खालचा खुंट दरवर्षी अधिक कुजतो. ज्या पावसाळ्यात या दोन गोष्टी जुळून येतात, त्या पावसाळ्यात तो पडतो.

गुलमोहर आणि सोनमोहर यांच्याबाबत हे अधिक तीव्रतेने घडते, कारण त्यांचे लाकूड ठिसूळ असते आणि जखमांतून शिरलेली बुरशी त्यांच्यात वेगाने पसरते. आंबा, जांभूळ, बकुळ किंवा भेंड यांसारखी झाडे चुकीची छाटणी तुलनेने अधिक सहन करतात, पण म्हणून त्यांना ती द्यावी असे मुळीच नाही.

कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याची पद्धत अजून टिकून आहे. त्याने कूज थांबत नाही, उलट थराखाली ओल धरून राहते. ढोलीत सिमेंट भरणे हेही असेच हानिकारक आहे. झाड वाऱ्यात हलते आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळे आतला निरोगी थरही घासला जातो. शिवाय पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड असे समीकरण नाही. भोवतीच्या भक्कम लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून अधिक असेल आणि ढोलीचे तोंड फार रुंद नसेल, तर झाड पुष्कळ वर्षे उभे राहू शकते. लाकडी हातोडीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहिले असता पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो, हे कोणालाही कळण्यासारखे आहे. मात्र त्यावरून निर्णय घेणे तज्ज्ञाचे काम आहे. त्यासाठी ध्वनिलहरींनी खोडाचा आडवा आलेख काढणारी उपकरणेही आता वापरली जातात.

फांद्या कापून न सुटणारा दोष

समितीतील मंडळी वर पाहतात, कारण फांद्या वर असतात. मी पाहिलेल्या अनेक झाडांबाबत खरे दुखणे पायाशी होते. आवार नव्याने करताना पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले जातात, किंवा झाडाभोवती गुडघाभर उंचीचा सिमेंटचा पार बांधून त्यात माती भरली जाते. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीलगत पसरट होतो आणि मुळांचे उंचवटे दिसतात. तो विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत शिरलेला दिसत असेल, तर मूळचा पाया मातीखाली गाडला गेला आहे आणि तिथली साल सतत ओली राहून कुजत आहे, असे समजण्यास जागा आहे.

झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्या पलीकडेही पसरतात. गॅसची पाइपलाइन, पाण्याची नवी टाकी, केबलसाठी खणलेला चर, वाहनतळासाठी केलेले काँक्रीट, यांपैकी प्रत्येक काम एका बाजूची मुळे तोडू शकते. झाड त्या वर्षी काहीच दाखवत नाही. दोन-चार पावसाळ्यांनंतर, जमीन भिजून मऊ झालेली असताना, ते तोडलेल्या मुळांच्या विरुद्ध दिशेला उन्मळून पडते आणि तेव्हा चर कोणाला आठवत नाही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सुमारे 2300 मिलिमीटर पाऊस पडतो, तर उरलेल्या आठ महिन्यांत जवळजवळ नाही. काँक्रीटने झाकलेल्या मुळांना या दोन्ही टोकांचा त्रास होतो: उन्हाळ्यात पाणी आत जात नाही आणि पावसाळ्यात साचलेले पाणी बाहेर पडत नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता आणि तेव्हापासून हा किमान अंतराचा दाखला इतरत्रही दिला जातो. मुंबईतही महापालिकेने रस्त्याकडेची झाडे अशा रीतीने मोकळी करण्याची कामे केली आहेत. सोसायटीच्या आवारात हे काम करताना ब्रेकर मशीन बुंध्याजवळ आणू नये. छिन्नी-हातोड्याने ब्लॉक सुटे करावेत, सापडलेले मूळ कापू नये आणि मोकळ्या झालेल्या आळ्यात मातीचा ढीग न करता केवळ सुका पालापाचोळा दोन-तीन इंच पसरावा, तोही बुंध्यापासून वीतभर दूर. ज्या सोसायटीत पालापाचोळा रोज गोणीत भरून कचरागाडीला दिला जातो, तिथे झाडाचे खत झाडालाच परत देण्याची ही सर्वांत सोपी पद्धत आहे.

बुंध्याच्या तळाशी कडक, पंख्याच्या आकाराची, वरून तपकिरी आणि कडेला पांढरी बुरशी उगवलेली दिसली, तर ती गॅनोडर्मा असण्याची शक्यता आहे. गुलमोहरावर ती मुंबईत बऱ्याचदा आढळते. बाहेर बुरशीचे फळ दिसेपर्यंत आत मुळांची कूज बरीच पुढे गेलेली असते. फळ खरवडून टाकल्याने काही साधत नाही. अशा झाडाची पाहणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.

माणूस कसा निवडावा

झाडे कापणारा आणि झाडांवर उपचार करणारा हे दोन वेगळे व्यवसाय आहेत आणि आपल्याकडे दोन्हींसाठी एकाच कंत्राटदाराला बोलावले जाते. प्रशिक्षित आर्बोरिस्ट मुंबईत आहेत, पण थोडे आहेत. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेचे प्रमाणपत्र काहींकडे असते आणि त्याचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे ते चालू आहे का हे विचारणे रास्त आहे. प्रत्येक सोसायटीला प्रमाणपत्रधारक मिळेलच असे नाही. तेव्हा पाहणी आणि लेखी अहवाल तज्ज्ञाकडून घ्यावा आणि प्रत्यक्ष काम अनुभवी कामगारांकडून त्या अहवालानुसार करून घ्यावे, हा व्यवहार्य मार्ग आहे.

दर मागवण्यापूर्वी येणाऱ्या व्यक्तीला झाडाखाली उभे करून एकच विचारावे: "यातली कोणती फांदी, नेमकी कुठे आणि कशासाठी कापणार, ते दाखवा." ज्याला काम कळते तो एकेक फांदी दाखवून कारण सांगतो, आणि काही फांद्यांना हात लावायची गरज नाही असेही सांगतो. "साहेब, सगळं वरून उतरवून टाकू, दोन वर्षं बघायला नको," असे उत्तर आले, तर तिथेच आभार मानून थांबावे. त्याच वेळी कामगारांचा विमा, हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि दोरखंड यांची चौकशी करावी. उंचावर अनवाणी, केवळ एका दोरीच्या भरवशावर चढलेल्या माणसाला अपघात झाला तर त्याच्या कुटुंबावर जे ओढवते त्याची जबाबदारी काम देणाऱ्यालाही टाळता येत नाही, आणि ती टाळू नये.

मोबदल्याची पद्धत हा या समस्येचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बरेच कंत्राटदार दर कमी लावतात आणि लाकूड नेण्याची परवानगी मागतात, किंवा टेम्पोच्या फेऱ्यांप्रमाणे पैसे आकारतात. दोन्ही पद्धतींत जितके जास्त कापले जाईल तितका त्यांचा फायदा असतो, आणि जाड फांदीचे लाकूड बारीक डहाळीपेक्षा अधिक किमतीचे असते. झाडाला मात्र नेमके उलटे हवे असते: थोडे आणि बारीक कापलेले. म्हणून पैसे झाडाप्रमाणे किंवा दिवसाप्रमाणे ठरवावेत आणि लाकडाची विल्हेवाट वेगळी ठेवावी. अशाने कागदावर खर्च वाढलेला दिसतो आणि सर्वसाधारण सभेत त्यावर प्रश्न विचारला जातो. त्या वेळी गेल्या काही वर्षांतील छाटणीची बिले आणि पडलेल्या फांद्यांमुळे झालेले नुकसान एकत्र मांडल्यास चर्चा लवकर मार्गी लागते.

परवानगी आणि कामाचा लेखी आदेश

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 मध्ये झाड तोडणे या संज्ञेत झाड जाळणे, कापणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश आहे. झाड सोसायटीच्या मालकीच्या जागेत असले तरी हे लागू होते. म्हणून छाटणीसाठी विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे अर्ज करावा, झाडाची जात, जागा व छायाचित्रे जोडावीत आणि अधिकाऱ्यांच्या पाहणीच्या वेळी समितीतील एकाने स्वतः हजर राहावे. 2021 मधील दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला आहे. दादर-माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांतील अनेक पर्जन्यवृक्ष आणि वड या वयाचे सहज असतील, त्यामुळे त्यांच्याबाबत अधिक सावधगिरी हवी. अर्ज मे महिन्यात न देता हिवाळ्यात द्यावा. मे महिन्यात विभागावर अर्जांचा ताण असतो, कंत्राटदार घाईत असतात आणि शिवाय तो काळ कावळ्यांच्या घरट्यांचा असतो. पिल्ले असलेले घरटे फांदीसकट खाली आणणे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दृष्टीने गैर आहेच, पण कायदा नसता तरी ते करण्यासारखे काम नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बहुतेक झाडांवर घरटी नसतात, हवा कोरडी असते आणि जखम बंद होण्यास पुढचा संपूर्ण वाढीचा हंगाम मिळतो.

परवानगी आल्यानंतर कंत्राटदाराला दिलेला आदेश "पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी करणे" एवढ्या एका ओळीचा असतो. अशा आदेशात काहीही बसते. त्याऐवजी पुढील अर्थाचा मजकूर लिहावा:

"सोबतच्या छायाचित्रांत खूण केलेल्या फांद्याच कापाव्यात. प्रत्येक काप खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर किंवा कापायच्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीच्या बाजूच्या फांदीपाशी घ्यावा, मध्येच खुंट ठेवू नये. कोणत्याही झाडाची एक चतुर्थांशापेक्षा अधिक पालवी एका वर्षात काढू नये. कोयता वापरू नये, करवत वापरावी. मनगटापेक्षा जाड फांदी आधी खालून, मग थोडे बाहेरून वरच्या बाजूने आणि शेवटी कड्यापाशी अशा तीन कापांत उतरवावी, म्हणजे साल सोलली जाणार नाही. फांद्या दोरखंडाने उतरवाव्यात. चढण्यासाठी बुटांना खिळे लावू नयेत. अतिरिक्त फांदी कापण्यापूर्वी समितीच्या प्रतिनिधीची संमती घ्यावी."

कामाच्या दिवशी समितीचा एक प्रतिनिधी पूर्ण वेळ झाडाखाली थांबला पाहिजे, मात्र फांद्या पडतात त्या क्षेत्राबाहेर. आदेश कितीही चांगला असला तरी वरच्या कामगारापर्यंत तो पोहोचलेला नसतो. त्याला नावाने हाक मारून, "दादा, कड्याच्या बाहेर घ्या," एवढे सांगितले तरी तो ऐकतो. बहुतेक कामगारांना आजवर कोणी असे सांगितलेलेच नसते.

जे झाड आधीच बोडके केलेले आहे

मुंबईतील बहुतेक सोसायट्यांपुढे हाच प्रश्न असतो आणि त्यावर एका वर्षाचा उपाय नाही. खुंटांच्या टोकाशी फुटव्यांचे झुपके असतात. ते सर्व काढून टाकले तर झाड पुन्हा तितकेच फुटवे काढते आणि त्याचा साठा संपत जातो. म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक खुंटावरील फुटव्यांपैकी चांगल्या जागी असलेले, भक्कम वाटणारे एक-दोन निवडावेत, उरलेल्यांपैकी काही मुळापासून काढावेत आणि काही फक्त लांबीने कमी करावेत. निवडलेल्या फुटव्यांची टोकेही बाजूच्या डहाळीपाशी थोडी आखूड करावीत, म्हणजे खुंटावरचा भार कमी होतो. ज्या खुंटात कूज स्पष्ट आहे तो खुंट आतल्या बाजूला निरोगी बाजूफांदी असेल तर तिथपर्यंत मागे घ्यावा. पुढच्या एक-दोन वर्षांनी हेच पुन्हा करावे. चार-पाच वर्षांत झाडाला पुन्हा काही विश्वसनीय मुख्य फांद्या मिळतात. त्या काळात झाडाखाली दुचाकी उभ्या करण्याची जागा हलवणे हा सर्वांत स्वस्त सुरक्षेचा उपाय आहे, आणि त्याला सभासदांचा विरोधही सर्वांत जास्त होतो, हेही सांगितले पाहिजे.

ज्या झाडाचे खुंट पूर्णपणे पोकळ झाले आहेत, बुंध्याशी बुरशी आहे आणि खाली मुलांचे खेळण्याचे मैदान आहे, ते झाड राखण्याचा हट्ट धरू नये. तज्ज्ञाच्या अहवालासह काढण्याची रीतसर परवानगी मागावी आणि त्याच आवारात बहावा, ताम्हण, बकुळ, सीताअशोक यांसारखी आपल्याकडची झाडे लावावीत. लावताना मोकळे आळे ठेवावे आणि पहिल्या काही वर्षांतच दुहेरी शेंडे काढून टाकावेत. बोटाएवढी फांदी कापलेली जखम झाड एका पावसाळ्यात बंद करते, त्यामुळे लहान झाडावर केलेली ही छाटणी पुढची बरीच मोठी छाटणी वाचवते.

पर्जन्यवृक्ष आणि नारळ

पर्जन्यवृक्षाची पाने अवेळी गळत असतील, खाली उभ्या गाड्यांवर चिकट थर जमत असेल, पानांवर काजळी आणि फांद्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसत असतील, तर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव तपासावा. मुंबईतील अनेक जुने पर्जन्यवृक्ष या किडीने गमावले आहेत. अशा झाडाची मोठी छाटणी केल्यास ते आणखी खचते. वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात, उन्हाळ्यात आळ्यात पाणी द्यावे आणि कीटकनाशकाबाबत उद्यान खात्याचा किंवा कृषी विद्यापीठातील कीटकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वर चढून फवारणी करण्याचे काम सोसायटीच्या माळ्यावर सोपवू नये.

नारळाच्या बाबतीत फक्त वाळलेल्या झावळ्या आणि तयार नारळ पावसाळ्यापूर्वी उतरवावेत. हिरव्या झावळ्या काढू नयेत. नव्या झावळीवर कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या खाचा दिसल्या तर गेंड्या भुंगा, आणि खोडातील छिद्रांतून तपकिरी चिकट द्रव व चोथा येत असेल तर सोंड्या भुंगा असण्याची शक्यता धरावी. दुसऱ्या प्रकारात वरून हिरवे दिसणारे झाडही आतून पोखरलेले असू शकते. 2017 मध्ये चेंबूरला नारळाचे झाड कोसळून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला होता, त्यामुळे कललेल्या किंवा पोखरलेल्या नारळाची तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

पावसाळा सुरू झाला असेल तर

जून उजाडला असेल आणि हिवाळ्यातले काही काम झाले नसेल, तरी घाईने झाड बोडके करू नये. लोंबकळणाऱ्या, अर्धवट तुटलेल्या आणि वाळलेल्या फांद्या तेवढ्या उद्यान खात्याला कळवून काढून घ्याव्यात. नवी भेग, नवा कल किंवा बुंध्याशी उचललेली माती दिसल्यास दोरी बांधून ती जागा बंद करावी, तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी 17 मे 2021 रोजी होता तसा वारा अपेक्षित असेल तर झाडाखालच्या गाड्या आदल्या रात्रीच हलवाव्यात, आणि झाड कोसळल्यास महापालिकेच्या 1916 या आपत्कालीन क्रमांकावर किंवा अग्निशमन दलाला 101 वर कळवावे. पडलेल्या झाडात विजेची तार अडकलेली असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये.

त्याच पावसाळ्यात एक वही सुरू करावी. कोणत्या झाडाची, कोणत्या बाजूची, किती जाडीची फांदी कोणत्या तारखेला पडली, तुटण्याचा प्रकार वरील चारांपैकी कोणता होता आणि छायाचित्र कोणाकडे आहे, एवढे तीत लिहावे. ऑक्टोबरमध्ये पाहणीसाठी आर्बोरिस्टला बोलावताना ती वही आणि जपून ठेवलेले बुडखे त्याच्यापुढे ठेवावेत.